वैशाखनंदन कोकणात

गाढवाला गर्दभ, रासभ, खर अशी नावे पुष्कळ आहेत. परंतु 'वैशाखनंदन' या नावाची खुमारी काही निराळीच. श्रावणातले हिरवे रान पाहून 'एवढे चरलो तरी काहीच संपले नाही' अशा विवंचनेने गाढव झुरते, आणि वैशाखात उजाड माळ दिसला म्हणजे 'हे सारे आपणच फस्त केले' या कृतार्थतेने ते पुष्ट होते, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. ती रचणाऱ्याचा हेतू अर्थातच गाढवाच्या बुद्धीची थट्टा करण्याचा होता. पण त्या थट्टेत प्राणिशास्त्राचे एक पक्के सत्य दडून बसले आहे, हे वेंगुर्ल्यासारख्या श्रावणाच्या मुलखात गाढव आणून बांधल्याखेरीज आमच्या ध्यानात यावयाचे नव्हते.

आमचे घर घाटी चढून वर, डोंगरउतारावर आहे. खालच्या रस्त्यापर्यंत टेंपो येतो. तेथून पुढे चिरे, वाळू, शेणखत आणि हंगामात काजूची पोती ही सारी माणसाच्या डोक्यावरूनच वर-खाली व्हावयाची. एकेकाळी या कामाला गडीमाणसे मिळत. आता ती मिळत नाहीत, आणि मिळतात ती गोव्यास जाण्याच्या घाईत असतात. तेव्हा एक गाढव आणावे असा विचार मी घरात बोलून दाखविला, त्यावर मातोश्रींनी तांदूळ निवडता निवडता मान वर न करता विचारले, "गाढव कित्याक होया? घरात कमी आसत?"

त्यांचा उपहास सोडून दिला तरी प्रश्न रास्त होता. दक्षिण कोकणात हे जनावर सहसा दृष्टीस पडत नाही. शिरोड्याच्या मिठागरांतले मीठ घाटावर जाई आणि घाटावरचे धान्य खाली उतरे, त्या काळीही ही ने-आण मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे, आणि पुढे आंबोलीच्या घाटातून बेळगावच्या छावणीकडे सडक गेल्यावर गाड्या आल्या. कोकणातले गाढव मांसाचे कमी, दगडाचेच अधिक! शिलाहारांच्या काळापासूनच्या गद्धेगळ नावाच्या शिळा उत्तर कोकणात ठिकठिकाणी सापडतात. वर चंद्रसूर्य, मध्ये दानपत्राचा मजकूर, आणि दान मोडणाराला गाढवाच्या नावाने दिलेला जो शाप तो खाली चित्ररूपाने कोरलेला. अलिबागजवळच्या आक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा मराठीतला प्राचीन शिलालेख अशाच एका गद्धेगळीवर आहे. मराठी भाषेच्या अगदी उंबरठ्यावर हे जनावर उभे आहे, तेही बिचारे शिवी होऊन!

कोकणाने गाढव का स्वीकारले नाही, याचे खरे कारण आकाशात आहे. पाळीव गाढवाचे मूळ ईशान्य आफ्रिकेच्या रानटी गाढवात. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी त्या रखरखीत प्रदेशात ते माणसाळले. लांब कान उष्णता बाहेर टाकण्यासाठी आणि दूरचा आवाज टिपण्यासाठी; ते कर्कश ओरडणे विरळ रानात कोसाकोसावर पांगलेल्या भाऊबंदांना हाक पोचविण्यासाठी; आणि आतडे असे की, घोडा ज्या वाळक्या काडीकडे पाहणार नाही तीतूनही सत्त्व काढील. ज्याची सारी घडण वाळवंटासाठी झाली, त्याच्या केसांत घोड्याप्रमाणे पाणी निथळून टाकणारा तेलकटपणा नाही. भिजले की ते कातडीपर्यंत भिजते आणि कुडकुडते. खूर चिखलात राहिला की मऊ पडतो व आतून कुजू लागतो. जेजुरीच्या बाजूस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे तीन हजारांच्या आसपास.

जेजुरीचे नाव सहज आले नाही. महाराष्ट्रात गाढव घ्यावयाचे तर पौष पौर्णिमेला खंडोबाच्या जेजुरीस जावे, किंवा रंगपंचमीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातील मढीस कानिफनाथाच्या यात्रेला जावे, असा रिवाज आहे. आम्ही जेजुरीस गेलो. बंगाली पटांगणात पाहावे तिकडे गाढवे, आणि त्यांच्यामधून वाट काढणारे वैदू, कैकाडी, वडार, बेलदार, कुंभार, परीट अशा नाना जमातींचे लोक. या लोकांची देवदर्शनाची, सोयरिकीची, जातपंचायतीची आणि जनावरांच्या खरेदीची अशी चारी कामे या एका यात्रेत उरकत आली आहेत. बाजारात माल दोन प्रकारचा. एक गावठी, मीटरभर उंचीचे, राखी रंगाचे, पाठीवरून शेपटीपर्यंत एक काळी रेघ आणि खांद्यावर तिला छेदणारी दुसरी. आणि दुसरे सौराष्ट्राकडून येणारे काठेवाडी, उंच, पांढुरके, अंगाने भरलेले, ज्याची किंमत ऐकून आम्ही दोन पावले मागे सरलो.

गाढवाचे वय दातांवरून ठरते. आम्ही ज्या वृद्ध वैदूपाशी थांबलो त्याने गाढविणीचा खालचा ओठ अंगठ्याने असा काही दुमडला, की जणू वहीचे पानच उलटले. दुधाचेच दात असतील तर 'कोरा', मधले दोन पडून कायमचे आले, म्हणजे अडीच-तीन वर्षांचे झाले, की 'दोनदाती', पुढे 'चारदाती', आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास जबडा पुरा भरला की 'अखंड'. मग त्याने पुढचे पाय एकेक करून उचलून दाखविले, खुरावर काठीने ठोकले, आणि चार पावले चालवून, लंगडत नाही याची आमची खातरजमा करून दिली. मला एकच जनावर हवे होते. पण गाढविणीमागे तिचे दीड वर्षाचे शिंगरू उभे होते, आणि सौदा मला परवडत नाही हे सांगून झाल्यावरही म्हातारा ढळेना. "एकलं न्याल तर रातभर वरडंल, मालक. अन्नावरली वासनाच जाईल तिची." मला ती विक्रेत्याची मखलाशी वाटली. पुढे कळले की त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गाढवाचा जोडीदाराशी जीव जडतो. तो तुटला की ते चारा टाकते, आणि गाढवाने दोन-तीन दिवस चारा टाकला की अंगातली चरबी रक्तात उतरून ते दगावण्यापर्यंत पाळी येते. विसार देऊन दोन्ही घेतली.

कोल्हापूर, आजरा, आंबोली असा सुमारे चारशे किलोमीटरांचा प्रवास करून टेंपो आमच्या घाटीखाली उभा राहिला तेव्हा दिवेलागण झाली होती. नवी गाय घरी आली तर तिच्या पायांवर पाणी घालून कुंकू लावावयाचे. गाढविणीला लावावयाचे काय, यावर खळ्यात बराच खल झाला. शीतळादेवीचे वाहन गाढव आहे, ही माहिती मी योग्य वेळी पुढे केली. मातोश्रींनी क्षणभर विचार केला, तांब्या उपडा केला, कुंकवाचे बोट टेकविले आणि तळहातावर गुळाचा खडा धरला. गाढविणीने तो खाऊन तळहात असा चाटून पुसून काढला, की 'गाढवाला गुळाची चव काय' ही म्हण रचणाराने कधी गाढवाला गूळ दिला नसावा याविषयी मला संशय उरला नाही.

दुसऱ्या दिवशी घाटीच्या पहिल्या पायरीशी ती थांबली ती थांबलीच. ओढून झाले, ढकलून झाले. या स्वभावाला आपण हट्ट म्हणतो. वस्तुतः ती सावधगिरी आहे. भय वाटले की घोडा उधळतो, गाढव जागच्या जागी उभे राहून परिस्थिती तपासते, आणि पटल्याशिवाय पाऊल टाकीत नाही. शिंगरू मोकळे सोडले, ते टणाटणा चार पायऱ्या चढले, आणि आई मुकाट्याने मागून निघाली. माझ्या हातातली काठी त्या दिवसापासून कुंपणाला लागली.

भाराचा हिशेब मात्र मी चुकीचा धरला होता. आमच्याकडचा जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलो भरतो. दोन बाजूंना दोन चिरे सोडावेत असे मी मनात योजले होते. ओझ्याच्या जनावरांविषयी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, त्यांत गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून अधिक भार घालण्यास मनाई असून दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि एका दमात पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. सव्वाशे किलोंच्या गावठी जनावराला मला विचाराल तर हे ५० देखील जास्तच. तेव्हा चिऱ्यांचा नाद सोडून खत, वाळू आणि काजू यांवर समाधान मानले. पाठीवर आधी जाड गोणपाट, मग खोगीर, आणि ओझे दोन्ही अंगांना समतोल. कण्यावर दाब येता कामा नये, एवढे सांभाळले की पाठीला जखमा होत नाहीत.

मग मिरग लागला. चौफेर हिरवे गवत उठले आणि मी उदारपणे दोघांनाही त्यात सोडले. अतिपोसाने गाढवाचे अंग सुटते आणि खुरातले मांस सुजते, हे मला कोणी सांगितले नव्हते; किंबहुना मी कोणाला विचारले नव्हते. आषाढात गाढवीण पुढचा पाय टेकेना, खुराला घाण वास येऊ लागला. पशुवैद्य आले, त्यांनी खूर खरवडून औषध भरले, धनुर्वाताची लस टोचली, आणि गोठ्यातला चिखल पाहून माझ्याकडे जे पाहिले ते अद्याप आठवते. दोष सर्वस्वी माझा होता. उरलेल्या चिऱ्यांनी जमीन हातभर उंच केली, वर पत्रे घातले, खाली सुके गवत पसरले, आणि हिरव्या चाऱ्याऐवजी भाताचा पेंढा घालू लागलो. श्रावणात पेंढा खाऊन गाढवीण हिंडू-फिरू लागली. वैशाखनंदन!

२०१९ च्या पशुगणनेत साऱ्या भारतात गाढवे उरली ती सव्वा लाखाच्याही आत. सात वर्षांपूर्वीच्या गणनेच्या मानाने साठ टक्क्यांहून अधिक घट. कुंभार-परटांचे धंदे बदलले, टेंपो व ट्रॅक्टर आले, आणि चीनमध्ये औषधासाठी लागणाऱ्या कातड्याच्या जागतिक व्यापाराने उरलेल्यांवरही डोळा ठेवला. त्या व्यापारावर आफ्रिकी संघाने २०२४ मध्ये बंदी घातली. उरली आहेत ती विटांच्या भट्ट्यांवर, नदीकाठी वाळूच्या कामावर, आणि जेथे वाहन चढत नाही अशा गडांवर दुरुस्तीचे सामान वाहत.

कोकणातल्या एखाद्या वाचकाला, घाटी चढून थकल्यावर, आमच्यासारखीच बुद्धी सुचली तर त्याने एकटे गाढव आणू नये, जोडी आणावी. पौषात सौदा करावा. आणि गोठ्याची जमीन मिरगाच्या आत उंच व कोरडी होणार नसेल, तर जेजुरीहून नुसता भंडारा घेऊन परतावे.