गुडघे दुखतात? आधी सायकलची सीट पाहा

आपल्या वस्त्यांत पन्नाशी उलटली की अनेक जण "आता गुडघे साथ देत नाहीत" म्हणत सायकल भिंतीला टेकवून ठेवतात. मग बडनेऱ्याहून अमरावतीला कामावर येणाऱ्याला रोजचे ऑटोभाडे, नाही तर पोराच्या गाडीची वाट पाहणे आले. हातावर पोट असणाऱ्याला हे परवडणारे नाही. म्हणून सायकल भंगारात देण्यापूर्वी तिची सीट एकदा तपासावी, असे आम्ही सुचवतो.

दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, या भीतीने आपण सीट फार खाली ठेवतो. त्यामुळे पायडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यावरच जोर द्यावा लागतो. वाटीमागे दाब वाढतो तो इथे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलू नये. चालवताना मात्र टाच नव्हे, चवडा पायडलवर ठेवावा, म्हणजे गुडघ्यात थोडा बाक राहतो. दुखणे समोर, वाटीपाशी असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल तर वर. एकदम बोटभर उचलू नका, अर्ध्या सेंटिमीटरने वाढवा आणि दोन-चार दिवस चालवून पाहा. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा.

अकोल्याकडची जमीन सपाट खरी, पण उड्डाणपुलाचा चढ, उन्हाळ्यातला समोरचा वारा आणि कॅरियरवरचे गव्हाचे पोते गुडघ्याला सोडत नाही. जुन्या 28 इंची सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. मागचे फ्रीव्हील 22 दात्यांचे बसवले की साडेचार मीटर. वेग कमी होतो, पण जोर हलका लागतो. साखळी आखूड पडली तर मिस्त्री कडी वाढवून देतो. हवा भरलेली आणि साखळीला तेल असावे, हे सांगायला नको.

नवी घ्यायची असेल तर आडव्या दांड्याची घेऊच नये. लेडीज सायकलवर पाय उंच उचलावा लागत नाही. ती चालवायला पुरुषांना लाज वाटते. आम्हाला ही लाज अगदी फुकटची वाटते.

मात्र गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकला किंवा रात्री झोपेतही ठणकला, तर पाना बाजूला ठेवून अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. तिथे रोज सायकलवर किती अंतर जातो आणि कॅरियरवर किती ओझे असते, हेही सांगावे.