दगडाचं काळीज

श्रोतेहो, ‘त्याचं काळीज दगडाचं आहे’ असं आपण सहज म्हणून जातो. आम्ही कवी मंडळी तर फारच. पण हृदयाच्या झडपेत आणि रक्तवाहिन्यांत खरोखरच कॅल्शियम साठतं, त्या कडक होतात. आणि हे बाईत एका वयाला होतं, पुरुषात दुसऱ्या.

न्हाणीघरातल्या बंबाला आतून क्षार धरतो, तसं हे असेल असं वाटतं. पण तेवढं साधं नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा मारा झाला, की त्यांतल्या काही पेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. तिथं कॅल्शियमचे कण बसतात.

या कामाला लगाम घालणाऱ्यांत इस्ट्रोजेन हे स्त्रीचं संप्रेरक आहे. पुरुषांपेक्षा बायकांच्या हृदयवाहिन्यांत कॅल्शियम साधारण दहा-पंधरा वर्षं उशिरा दिसतं, त्यात याचा वाटा मानला जातो. पाळी गेली, की लगाम सैल होतो. त्याच वयात हाडांतलं कॅल्शियम मात्र घटू लागतं!

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात का? अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात गर्भाशय काढलेल्या, पन्नाशीत गोळ्या सुरू केलेल्या स्त्रिया होत्या. २००७ साली आकडे आले : इस्ट्रोजेन घेणाऱ्यांचा कॅल्शियमचा सरासरी आकडा ८३, नुसती साधी गोळी घेणाऱ्यांचा १२३. पण याच अभ्यासात इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिन देण्याची चाचणी २००२ साली थांबवावी लागली होती. हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. म्हणून केवळ हृदयासाठी ही गोळी कुणी मनानं घेऊ नये.

झडपेची गोष्ट आणखी वेगळी. महाधमनीची झडप गंभीर आखडली असावी, असा अंदाज पुरुषात सीटी स्कॅनचा आकडा २००० झाल्यावर करतात. बाईत १२०० लाच. तिची झडप कॅल्शियमपेक्षा तंतूंनी अधिक जाड होते. पुरुषाच्या मापानं मोजलं, तर तिचा आजार नजरेतून सुटतो.

घरातही आपण तेच माप लावतो. जिना चढताना आईला दम लागतो, छाती जड होते. ती म्हणते, ‘पित्त झालंय’, आणि आपण मान डोलावतो. बायकांना हृदयविकार उशिरा येतो, श्रोतेहो. येतच नाही, असं नव्हे.