सुतळी, माती आणि गोळीचा वेग

दाबलेल्या हवेच्या अथवा वायूच्या जोराने प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या फेकणाऱ्या नकली बंदुका घेऊन जी लुटुपुटूची लढाई खेळली जाते, तिला एअरसॉफ्ट असे नाव आहे. हा खेळ मूळचा जपानचा. तेथे १९५८ च्या कायद्याने सामान्य नागरिकास खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य झाले होते. साहजिकच १९७० नंतरच्या दशकात हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांना तेथे चाहते मिळाले. १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने विजेच्या मोटारीवर चालणारी बंदूक बाजारात आणली. युरोप-अमेरिकेतही हा खेळ पसरला. भारतात त्याचा परिचय अद्याप बेताचाच आहे.

बंदूक विकत घेतली की तरुण खेळाडूचा खिसा रिकामा होतो, आणि उरलेले साहित्य तो घरीच तयार करू लागतो. या काटकसरीत पुष्कळ विज्ञान दडलेले असते. नेमबाजीच्या सरावासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या चादरीचे दोनतीन पदर सैल टांगून ठेवतात. ताठ फळीवर आपटलेली गोळी क्षणार्धात उलटून येते; सैल कापड मात्र मागे सरत सरत तिला थांबवते, थांबण्यास लागणारा काळ वाढतो, म्हणून आघाताचे बल घटते व गोळी मुकाट्याने खोक्याच्या तळाशी पडते. झुडपात लपण्यासाठी घालावयाचा ‘गिली’ अंगरखा हाही असाच घरगुती प्रकार होय. स्कॉटलंडमधील शिकारी जमिनींवरील चाकरांना गिली म्हणत, त्यांच्यावरून हे नाव पडले. गोणपाटाचे धागे सोडवून, चहाच्या पाण्यात रंगवून ते जुन्या मासेमारीच्या जाळ्याला गाठी मारून बांधले की अंगरखा तयार होतो. मात्र सुटे ताग झटकन पेट घेतात, म्हणून तो घालून शेकोटीजवळ जाऊ नये.

या सर्व घरगुती साधनांत सर्वांत मोलाचे साधन म्हणजे गोळीचा वेग मोजण्याचा लंबक. बाजारातील वेगमापक यंत्र महाग वाटले, तर बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाची युक्ती वापरता येते. त्याने १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बंदुकीच्या गोळीचा वेग लाकडी लंबकाच्या साहाय्याने मोजून दाखविला होता. धावत्या गोळीस घड्याळ लावणे दुष्कर. परंतु ती एखाद्या जड वस्तूत रुतली, तर तिचा संवेग त्या वस्तूस मिळतो, आणि त्या वस्तूची संथ हालचाल डोळ्यांनी पाहता येते.

एका लहान डबीत खेळण्यातील मऊ चिकणमाती भरून तिचे वजन डबीसह १०० ग्रॅम करावे. एक मीटर उंचीवरून चार दोऱ्यांनी ती टांगावी. एकाच दोऱ्याने टांगल्यास डबी स्वतःभोवती गरगर फिरते व माप चुकते. डबीच्या मागे पट्टी ठेवून तिच्यावर कागदाची हलकी घडी बसवावी, म्हणजे डबी जेथवर झोका घेईल तेथवर घडी ढकलली जाईल. बंदूक सुमारे एक मीटर दूर धरावी, एरवी नळीतून निघणाऱ्या हवेचा झोतही डबीला ढकलतो. गोळी मातीत रुतलीच पाहिजे. ती उसळून परत आली, तर डबीस अधिक संवेग मिळून वेग फुगवून दिसतो. प्रयोग करणाऱ्याने व पाहणाऱ्यांनी डोळ्यांवर खेळातलाच चष्मा घालावा, हे सांगावयास नकोच.

समजा, ०.२ ग्रॅमच्या गोळीने डबी ६ सेंटिमीटर मागे सरली. एक मीटरच्या लंबकाचे हे विस्थापन ३.१३ ने गुणिले असता डबीचा आरंभीचा वेग सेकंदास सुमारे ०.१९ मीटर येतो. गोळीसह डबी ही गोळीच्या ५०१ पट जड. म्हणून गोळीचा वेग सेकंदास सुमारे ९४ मीटर, आणि तिची गतिज ऊर्जा ०.८८ ज्यूल. झोका ६.५ सेंटिमीटर भरला, तर हीच ऊर्जा १.०४ ज्यूल होते. जपानने २००६ च्या कायदा-दुरुस्तीने घातलेली मर्यादा, ६ मिलिमीटर व्यासाच्या गोळीसाठी, सुमारे ०.९८९ ज्यूल आहे. म्हणजे कायद्याची रेषा या दोन झोक्यांच्या मधून, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जाते. वाचनात दोन मिलिमीटरची चूक झाली तरी ऊर्जेत सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून दहा गोळ्यांची सरासरी घेणे इष्ट.

आता हा ०.८८ ज्यूलचा आकडा डोळ्याशेजारी ठेवून पाहावा. युरोपात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या ई.एन. १६६ या मानकात संरक्षक चष्म्यावर ६ मिलिमीटर व्यासाची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी झाडून परीक्षा घेतली जाई. खालच्या ‘एफ’ श्रेणीत तिचा वेग सेकंदास ४५ मीटर, म्हणजे ऊर्जा ०.८७ ज्यूल, वरच्या ‘बी’ श्रेणीत १२० मीटर, म्हणजे ६.२ ज्यूल. कारखान्यातील उडणाऱ्या कणांसाठी मिळणारा ‘एफ’ श्रेणीचा स्वस्त चष्मा आपल्या लंबकावरील साध्या बंदुकीनेच आपल्या मर्यादेस टेकविला आहे! ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याने एकेक गोळी झाडणाऱ्या बंदुकीस २.५ ज्यूलपर्यंत मुभा आहे. तेथे तो अगदीच अपुरा. उघड्या डोळ्यावर बसलेल्या अशा गोळीने बुबुळापुढील पोकळीत रक्तस्राव होतो, मोतीबिंदू होतो, क्वचित दृष्टिपटलही सुटते.

म्हणून चष्मा घरी बनवू नये. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा पारदर्शक व स्वस्त असला तरी तडकून त्याच्या धारदार चिपा उडतात. तारेच्या जाळीच्या चष्म्यातून गोळी जात नसली, तरी फुटलेल्या गोळीचे कण जाऊ शकतात. पॉलिकार्बोनेट मात्र तडकण्याऐवजी वाकते आणि ऊर्जा शोषून घेते. त्याच पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याचा तुकडा कापून बंदुकीवरील दुर्बिणीच्या भिंगापुढे बसविणे हे खुशाल घरी करावे. तेथे फुटलेच तर भिंग फुटेल.

चष्म्याच्या बाबतीत घरगुती कौशल्य कामी येते ते बाष्पापुरते. धावून घामाघूम झालेल्या खेळाडूचा दमट श्वास थंड भिंगावर दवासारखा जमतो. समोरचे दिसेनासे होते. आणि मग मैदानातच चष्मा क्षणभर वर उचलण्याचा मोह होतो. बहुधा नेमका हाच क्षण घातक असतो. साबणाच्या पाण्याचा पुसट थर आतून दिल्यास बाष्पाचे थेंब न होता पातळ पापुद्रा पसरतो, व त्यातून आरपार दिसते. कित्येक खेळाडू जुन्या संगणकातील पाच व्होल्टचा छोटा पंखा चष्म्याच्या कडेच्या स्पंजावर बाहेरून बसवून दमट हवा ओढून घेतात. पंख्यासाठी भिंगाला भोक पाडू नये, कारण भेग तेथूनच फुटते. भिंग थिनरने पुसू नये, त्यावर रंगही फवारू नये. द्रावकाने पॉलिकार्बोनेटच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. पांढरा वण उठलेले भिंग बदलून टाकावे.