टाटा न करता सटकू नका!

वर्ध्याहून नागपूरला रोज अप-डाउन करणाऱ्यांच्या घरी सकाळी एक ठरलेला ड्रामा चालतो. आजी बाळाला चिमण्या दाखवायला मागच्या अंगणात नेते आणि आई-बाबा चपला हातात घेऊन पुढच्या दाराने पसार! रडारड नाही, गाडीही मिळते. पण बाळ परत येऊन बघतं, तर आई गायब. मग काही दिवसांत आई नुसती आंघोळीला गेली तरी दाराबाहेर भोकाड सुरू.

याचं नाव सेपरेशन अँग्झायटी. बहुतेक वेळा हा आजार नसतोच. आठव्या महिन्याच्या सुमारास मुलाला कळायला लागतं, की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे. ती परत येणार, हे कळायला मात्र वेळ लागतो. साधारण दहा ते अठरा महिन्यांत ही भीती सगळ्यात जास्त असते आणि तीन वर्षांच्या आसपास सहसा ओसरते. म्हणजे मूल लाडावलेलं नाही, त्याची समज वाढतेय. (शेजारच्या काकूंना हे जरूर ऐकवा.)

आणि गप्प बसलेलं मूल रुळलंच, असं समजू नका. 1952 साली जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये एक फिल्म केली. दोन वर्षांची मुलगी, हॉस्पिटलमध्ये आठ दिवस, आई सोबत नाही. ती फारसा गोंधळ घालत नाही, पण तिचा चेहरा बघवत नाही. मुलांच्या वॉर्डात आई-वडिलांना मोकळेपणाने येऊ द्यावं, अशी शिफारस तिथल्या सरकारी समितीने केली ती 1959 मध्ये.

मग करायचं काय? सांगून निघा. टाटा छोटा ठेवा, रोज सारखाच. पापी, टाटा आणि चालू पडा; दारातून तीनदा मागे वळलात तर मुलालाही वाटतं, काहीतरी भयंकर घडतंय. ‘सात वाजता येते’ हे त्याला कळत नाही, आणि गाडीचा भरवसा तुम्हालाही नाही! त्यापेक्षा ‘दिवे लागले, तू वरण-भात खाल्लास, की मी येते’ असं सांगा. उशीर होणार असेल तर आजीला फोन करा, म्हणजे ती त्याला तसं सांगेल. सुटीच्या दिवशी बुवा-कुक खेळा. दिसेनासं झालेलं माणूस पुन्हा दिसतं, याची ती झकास प्रॅक्टिस आहे. अंगणवाडी किंवा पाळणाघर सुरू करताना पहिले काही दिवस रजा टाकून सोबत बसा. 1945 मध्ये सेवाग्रामला गांधीजींनी नई तालीम सात वर्षांखालच्या मुलांपर्यंत नेली, तेव्हा त्यात आई-वडिलांनाही धरलं होतं.

शाळेत जाणारं मूल महिनाभर रोज सकाळी पोट दुखतंय म्हणत असेल, एकटं झोपत नसेल, तुम्हाला काही होईल या विचाराने घाबरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडच्या मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला वेळ लागणार असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर फिरवा, फुकट आहे.