भाजावळ आणि वणवा

गेल्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, तरी आमच्या गटातली एक जण उठेना. तिच्या सासूबाई घसरून पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण पाचव्या दिवशी फुफ्फुसात जंतू गेले, सेप्सिस झालं आणि त्या गेल्या. "आडव्या असतानाच मी पेज भरवली गो ताई. माझ्यामुळे झालं काय?"

रुग्णालयात दाखल होऊन 48 तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो, तो बहुतेकदा तिथेच लागलेला असतो. माणूस झोपून, खोकायला जोर नाही. तोंडातली लाळ झोपेतही श्वासनळीत उतरते. घशात नळी असली तर धोका आणखी. तेव्हा एका वाटी पेजेवर बोट ठेवता येत नाही. भरवताना उशाकडची बाजू उंच हवी, हे मात्र खरं.

आता सेप्सिस. आपण भाजावळ करतो ती बांध साफ करून, वारा बघून. तेवढीच दाढ भाजते. पांढऱ्या पेशी जंतूंवर अशीच आग लावतात. सेप्सिसमध्ये ती बांध ओलांडते आणि कलमांच्या बागेत शिरते. पेशींनी सोडलेली रसायनं अंगभर पसरतात, रक्तवाहिन्या सैल पडून पाझरतात, बीपी उतरतं, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. मूत्रपिंडापर्यंत रक्त पोचत नाही. लतादीदी 2022 मध्ये गेल्या तेव्हा बातम्यांत 'मल्टी ऑर्गन फेल्युअर' ऐकलं ना? त्यांना करोना आणि न्यूमोनिया झाला होता. सेप्सिसही माणसाला त्याच टोकाला नेतं. 2017 साली जगात सुमारे 1 कोटी 10 लाख मृत्यू सेप्सिसशी जोडलेले होते.

दुसरीकडे लढणाऱ्या पेशी दमतात, आणि नवा जंतू सहज शिरतो. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्या बाटल्यांवर बचतीचे पैसे घालू नका. इथे शक्ती कमी-जास्त एवढाच प्रश्न नसतो, तिचा तोलच गेलेला असतो.

उशाशी बसणारीने काय बघायचं? श्वास भराभर चालणं, अचानक बरळणं किंवा गुंगी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. यातलं काही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट न बघता सिस्टरना तेव्हाच सांगा, भीड नको. घरी आणल्यावर दिसलं तर 108 ला फोन. आणि भेटायला दहा जणांनी जाऊ नका. जी जाईल तिने आधी साबणाने हात धुवावेत.