ऑक्टोपसचा हात आणि उद्याचा रोबो



ट्रॉलच्या जाळ्यात माणकींबरोबर कधीकधी ऑक्टोपसही येतो. त्याचा हात तुटून डेकवर पडला तरी काही वेळ वळवळत राहतो, हे आपल्यापैकी काही जणांनी पाहिलं असेल. आपण म्हणतो, "अजून जीव आहे." पण याचं कारण शास्त्रज्ञांनी शोधलंय, आणि त्यावरून आज रोबो बनवायचं काम चाललंय.

ऑक्टोपसला सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात. आपला मेंदू आणि नसा ज्या पेशींच्या बनलेल्या असतात, त्या ह्या. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश त्याच्या आठ हातांतच असतात. २००१ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील बिन्यामिन हॉखनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूशी संबंध तोडलेल्या हाताला त्यांनी विजेने चेतवलं, तर तो हात जिवंत ऑक्टोपसच्या हातासारखाच पुढे पसरला! म्हणजे हात कसा लांबवायचा हे हातालाच ठाऊक असतं. मेंदूने फक्त हुकूम द्यायचा.

आपल्या बोटीवर तरी वेगळं काय असतं? तांडेल म्हणतो, "जाळं ओढा." कोणी कुठलं बोट कुठे धरायचं हे तो सांगत बसत नाही. बसला तर जाळं वर येणारच नाही.

नेहमीच्या रोबोत मात्र एकच कॉम्प्युटर प्रत्येक सांध्याचा हिशेब करतो. हाड नसलेला हात कुठेही वाकतो, त्याचा हिशेब संपायचा कधी? ऑक्टोपसची युक्ती सोपी आहे. तो हाताच्या मुळाकडचं एक वळण टोकापर्यंत सरकवत नेतो, की हात लांब होतो.

हे बघून इटलीच्या सेसिलिया लास्की यांनी २००९ पासून युरोपातल्या इतर शास्त्रज्ञांबरोबर सिलिकॉनचा मऊ हात तयार केला, जो पाण्यात वस्तूला विळखा घालतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने 'ऑक्टोबॉट' बनवला. त्यात बॅटरी नाही, वायर नाही. आतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा गॅस होतो आणि त्याने हात हलतात. पोटाच्या ऑपरेशनसाठी अशाच मऊ अवजारावर युरोपात काम झालंय.

आपल्याला याचं काय? पंख्यात जाळं अडकलं की आपलाच माणूस सुरी घेऊन बोटीखाली उतरतो. अडचणीच्या जागेत शिरणारा, वाकणारा, धडकला तरी काही न फोडणारा हात अशाच कामाला हवा. तो आज आपल्या जेटीवर नाही. पण आपल्यातली जी मुलं आयटीआय, इंजिनिअरिंग करताहेत, त्यांनी हा विषय जरूर बघावा. समुद्र त्यांना घरूनच माहीत आहे.

आणि तोपर्यंत, माणूस खाली असताना इंजिन बंद, कमरेला दोर आणि वर एक जण लक्ष ठेवायला. यात हयगय नको.

तुमच्या जाळ्यात ऑक्टोपस आला असेल तर अनुभव खाली जरूर लिहा.