जुन्या जीपचा आवाज : पंचनामा आधीं, दुरुस्ती मागून

बैल लंगडूं लागला म्हणजे जाणता शेतकरी त्यास लगेच डाग देत नाहीं. तो त्यास चार पावलें चालवितो, वळवितो, खूर उचलून पाहतो. दुखणें खुरांत आहे कीं खांद्यांत हें ठरल्यावरच उपाय करितो. परंतु दाराशीं उभी असलेली जुनी जीप करकरूं लागली कीं तोच शेतकरी पहिल्या भेटलेल्या मिस्त्रीच्या शब्दावर गिअरबॉक्स उघडावयास तयार होतो. या उतावळेपणानें पैसा व हंगाम दोन्ही कसे जातात आणि ते कसे वांचवितां येतात, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

१९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र ॲण्ड महंमद (१९४८ पासून महिंद्र ॲण्ड महिंद्र) कंपनीनें १९४७ सालीं विलीज जीपचे भाग आणून त्या मुंबईंत जोडण्यास आरंभ केला. त्या घडणीच्या जुन्या गाड्या कांहीं शेतकऱ्यांनीं अद्याप राखल्या आहेत. आमच्या उमरेडकडील शेतावरही अशीच एक जीप आहे. गेल्या मृगापूर्वीं बियाणें व खत नेण्याकरितां ती नागपुरास आणिली, तेव्हां वाटेंत तिच्या पोटांतून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज येऊं लागला. एका गॅरेजांत दाखविली. तेथील मिस्त्रीनें गाडी न चालवितांच गिअरबॉक्स खोलावा लागेल, आठ दिवस लागतील व खर्च चाळीस हजारांच्या घरांत जाईल, असें सांगितलें. तेवढ्या रकमेंत आमच्या पेरणीचें बियाणें व खत येणार होतें, आणि पाऊस कोणासाठीं आठ दिवस थांबत नाहीं.

आम्हीं उभी हयात महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें शिकलों तें एवढेंच कीं, पंचनामा आधीं, हुकूम मागून. तोच नियम येथें लाविला.

प्रथम यंत्राची रचना ध्यानांत घ्यावी. इंजिनाची शक्ति क्लच, गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस यांतून प्रोपेलर शाफ्टला मिळते. शाफ्ट डिफरन्शियलला फिरवितो, आणि तेथून एक्सलवाटे ती चाकांस पोंचते. यांपैकीं पुढचे भाग इंजिनाच्या चालीनें फिरतात, मागचे चाकाच्या चालीनें. म्हणून पहिला प्रश्न हाच कीं, आवाज कोणाच्या चालीबरोबर वाढतो?

गाडी उभी असतां न्यूट्रलमध्यें इंजिन चालवावें. आवाज येत असून क्लच दाबतांच थांबला, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढल्या बेअरिंगवर घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचें रिलीज बेअरिंग पाहावें. उभ्या गाडींत मुळींच आवाज नसेल, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर बेताच्या वेगानें जाऊन गिअर न्यूट्रलमध्यें घ्यावा. मात्र इंजिन बंद करूं नये. आवाज तसाच चालू राहिला व वेग कमी होतांना मंदावत गेला, तर दोष बहुधा ट्रान्सफर केसपासून मागें आहे. वळणावर एका बाजूस घूं घूं वाढत असेल, तर बाहेरच्या चाकाचें बेअरिंग तपासावें, कारण त्या वेळीं भार त्यावर येतो. ॲक्सिलरेटर दाबतांना वा सोडतांना सूर बदलत असेल, तर डिफरन्शियलचे क्राउन व पिनियन यांकडे लक्ष द्यावें.

आमच्या गाडीचा आवाज उभेपणीं नव्हता. न्यूट्रलमध्यें मात्र चालू राहिला. म्हणून दुसरी परीक्षा घेतली. रामदासपेठेंतील रस्ते दिवसा दवाखान्यांच्या गर्दीनें भरलेले असतात, म्हणून पहाटे पांचला गाडी बाहेर काढली. मागील चाकावर खडूची खूण केली. चिरंजीवानें माणसाच्या चालीइतक्या वेगानें गाडी चालविली, आणि आम्ही बाजूनें चालत मोजूं लागलों. खूण एकदां खालीं येई तेवढ्यांत चिवचिव पांचदां होई. दोष चाकांत असता तर बहुधा एका फेऱ्यास एकच आवाज झाला असता. विलीज सीजे-३बी जातीच्या जीपमध्यें चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टचे ५.३८ फेरे होतात. तेव्हां गुन्हेगार शाफ्टच ठरला!

शाफ्टच्या दोन्ही टोंकांस क्रॉस असतो. त्याच्या चार टोप्यांत सुयांसारखीं बारीक बेअरिंगें असतात. ग्रीस आटलें कीं आंत गंज धरतो, आवाज येतो, पुढें खटका लागतो. शाफ्ट व त्याचा जोड हातांत धरून उलटसुलट पिळले असतां मोकळेपणा जाणवला किंवा टोपीजवळ तांबूस भुकटी दिसली, तर क्रॉस बदलण्याजोगा झाला असें समजावें. आमच्या मागील क्रॉसची हीच अवस्था होती. नवा क्रॉस, मजुरी व ग्रीस मिळून काम एका दिवसांत उरकलें, आणि खर्च दोन हजारांच्या आंतच राहिला.

शाफ्ट काढण्यापूर्वीं त्याच्या सरकत्या जोडावर रंगाची खूण अवश्य करून घ्यावी. शाफ्ट कोनांत असतां एकट्या क्रॉसमुळें पुढील दांड्याचा वेग प्रत्येक फेऱ्यांत दोनदां कमीअधिक होतो. सतराव्या शतकांत इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें या जोडाचा विचार केला, म्हणून त्यास हूकचा जोड म्हणतात. दोन्ही क्रॉस परस्परांशीं नीट जुळविले तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. एक दांता जरी चुकला तरी नवी थरथर विकत घेतल्यासारखें होतें.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. या घडणीच्या जुन्या जीपांचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागें शाफ्टवर असतो. मागील शाफ्ट काढतांच तो निरुपयोगी होतो; एक चाक जॅकनें उचललें तरीही गाडी सरकूं शकते. म्हणून खालीं जाण्यापूर्वीं सपाट जागा पाहावी, इंजिन बंद करावें, आणि जमिनीवरील चाकांस पुढून व मागून मोठे दगड लावावे. या सावधगिरीस पैसा पडत नाहीं; ती चुकली तर मात्र जीव जातो.

तसेंच दुखणें कळूनही गाडी पळवूं नये. झिजलेला क्रॉस तुटला व शाफ्टचें पुढील टोंक रस्त्यावर पडून रुतलें, तर भरलेली गाडी उलटण्याचें भय असतें. पेरणीपूर्वीं पाभरीचे दांते आपण तपासतोंच. त्याच दिवशीं पुढच्या व मागच्या अशा दोन्ही शाफ्टांच्या चारही क्रॉसांना ग्रीस द्यावें. पुढील शाफ्ट नेहमीं वापरांत नसला तरी, चाकांच्या हबांस मोकळे करण्याची सोय नसल्यास, तो गाडीबरोबर फिरतच असतो.

मिस्त्रीचें ज्ञान आपणांस नाहीं हें खरें. परंतु आवाज केव्हां येतो, कशानें बदलतो व चाकाच्या फेऱ्यास किती वेळां होतो, एवढें टिपून नेलें तर चांगल्या मिस्त्रीचें काम सोपें होतें, आणि घाईच्या मिस्त्रीस गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं विचार करावा लागतो.